नाव कुठं आहे तुमचं?

बसा. आज हजेरी घेणार नाही. आज दुसऱ्या एका यादीबद्दल बोलायचंय, आणि माझं बोलून होईपर्यंत कोणी उठायचं नाही. मागच्या बाकावरच्यांनी मोबाईल बॅगेत टाका. वह्या उघडू नका, लिहून घ्यायची वेळ आली की मी सांगेन.

गेले चार दिवस ऑफिससमोरच्या व्हरांड्यात मतदार नोंदणीचं टेबल लावलं होतं. नमुना ६ चे दीडशे कोरे अर्ज, डिंकाची बाटली, स्टेपलर, दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधलेली दोन पेनं. एनएसएसची दोन मुलं आणि मी, रोज अकरा ते दोन. चार दिवसांत अर्ज आले सतरा. पहिला अर्ज आपल्या कॅन्टीनमध्ये कपबशा विसळणाऱ्या मुलाचा. हात पुसत आला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि म्हणाला, "मॅडम, मी इथं शिकत नाही, माझा अर्ज चालेल का?" मी म्हटलं, चालेल, शिक्षणाचा आणि मताचा काही संबंध नाही. त्यानं एकेक अक्षर जपून लिहिलं. त्या वेळी तुम्ही टेबलापासून दहा पावलांवर, झेरॉक्सच्या खिडकीशी, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांसाठी रांग लावून उभे होता. अर्धा अर्धा तास उभे होता. तुमच्यातल्या एकाला मी हाक मारली, तर म्हणाला, "मॅडम, नंतर भरतो."

नंतर म्हणजे कधी?

निवडणूक जाहीर झाल्यावर? मग ऐका. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. त्यानंतर कलेक्टरच्या दारात उपोषणाला बसलात तरी नाव आत जात नाही, कायदाच तसा आहे. शिवाय अर्ज भरला आणि नाव लागलं असं होत नसतं. अर्ज आला की आक्षेपांसाठी सात दिवस ठेवावे लागतात, बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, पत्त्यावर येऊन खात्री करून जातो, मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. शेवटच्या आठवड्यात धावत येणाऱ्याला एवढा वेळ मिळेल कुठून?

आणि हे तुम्ही अनुभवलेलं आहे, म्हणून मला जास्त राग येतो. १५ जानेवारी २०२६ ला पुणे महापालिकेचं मतदान झालं. त्याआधीचं झालं होतं २१ फेब्रुवारी २०१७ ला. तेव्हा तुम्ही चौथी-पाचवीत होता. मार्च २०२२ नंतर महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. इतक्या वर्षांनी संधी आली, आणि बहुतेक प्रभागांत एकेका मतदाराला चार-चार मतं होती. त्या निवडणुकीसाठी वापरली १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी. तिच्यात ज्यांचं नाव नव्हतं त्यांना चारांतलं एकही मत देता आलं नाही. डिसेंबरात माझ्या केबिनबाहेर किती जण उभे होते ते मला आठवतं. "मॅडम, कुणाला तरी फोन करा ना." कुणाला करू फोन? जुलैच्या आधी मी याच वर्गात, याच फळ्यावर तारीख लिहून दिली होती. ती तुम्ही पुसलीत आणि तिथं कुठल्यातरी टीमचा धावफलक लिहिलात.

आता तुमच्या सबबी एकेक घेते. सगळ्या मला तोंडपाठ झाल्या आहेत.

"माझं नाव गावाकडं आहे, मॅडम." बरं. मग गेलास का गावाला? नाही गेलास. परीक्षा नव्हती, मतदानाच्या दिवशी सुट्टी होती, तरी गेला नाहीस. विद्यार्थ्याला टपालानं मत पाठवता येत नाही. घरबसल्या मोबाईलवरून मत देण्याची सोय आपल्या राज्यात नाही. नाव जिथं आहे तिथं स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. तेव्हा गावाकडं नाव असणं आणि तू पुण्यात खोलीवर झोपून राहणं, याची बेरीज शून्यच होते.

याच वर्गातल्या एका मुलानं मला एक गोष्ट सांगितली, त्याचं नाव मी घेणार नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू होणार होता. मुकादमाकडून उचल घेतलेली, टोळी निघायच्या तयारीत. त्या दोघांनी मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पण मतदान करूनच ट्रॅक्टरमध्ये चढायचं ठरवलं आणि तसंच केलं. आई सही करत नाही, अंगठा उठवते. तिचा पोरगा इथं पदवीच्या वर्गात बसतो, राज्यशास्त्राचा पेपर लिहितो, आणि त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. हे सांगताना त्याला वाईट वाटत होतं, म्हणून त्याला मी त्या दिवशी काही बोलले नाही. तुम्हा बाकीच्यांना वाईटसुद्धा वाटत नाही, म्हणून बोलते आहे.

गावाला जायला भाड्याचे पैसे नसतात, ही अडचण मात्र खरी आहे. ज्याच्या घरी महिन्याचा मेसचा खर्च पाठवायला ओढाताण होते, त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू की नांदेडला जाऊन ये? पण त्यासाठीच तर तुम्हाला सोय दिलेली आहे, आणि ती तुम्ही वाचलीच नाही. शिकायला बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर नाव ठेव, नाहीतर वसतिगृहाच्या किंवा खोलीच्या पत्त्यावर नोंदव. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असला म्हणजे झालं. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा तर आयोगानं ठरवून दिलेल्या नमुन्यात प्राचार्यांचं बोनाफाईड जोडायचं. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी घरमालकाकडून नोंदणीकृत भाडेकरार मागून घ्यायचा. मालक कुरकुर करतात, मला माहीत आहे. तुम्ही मागतच नाही, हेही मला माहीत आहे.

यातली कोणती वाट धरायची? माझं मत विचाराल तर तीन-चार वर्षं ज्या शहरात पाणी पिणार, ज्या बसला लोंबकळणार, ज्या गल्लीतून रात्री लायब्ररीतून परतणार, तिथं नाव असावं. वसतिगृहाच्या मागच्या रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून मुलींनी मला निवेदन लिहून दिलं होतं. छान लिहिलं होतं, सव्वीस सह्या होत्या. मी त्या मुलींना एकच विचारलं, या सव्वीसमधल्या किती जणींचं नाव या प्रभागाच्या यादीत आहे? एकीचंही नव्हतं. ज्या रस्त्यावर एकही मतदार राहत नाही, तिथला दिवा कोण आधी लावेल? पण कुणाचं शेत गावात आहे, घरच्या पाण्याचा, पीकविम्याचा प्रश्न ज्याला जास्त कळतो, त्यानं गावाकडं नाव ठेवावं आणि मतदानाला गावी जावं. त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते, ज्याला विचारलं की तुझं नाव कुठं आहे, आणि जो म्हणतो, "बहुतेक बाबांनी केलं असेल," त्याच्याशी. बहुतेक! स्वतःच्या नावाबद्दल बहुतेक!

दोन ठिकाणी नाव ठेवून हुशारी केली असं समजणारेही आहेत वर्गात. एकानं मला अभिमानानं सांगितलं, गावाला एक, इथं एक. खाली बस. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच, असा कायदा आहे. नमुना ६ हा फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यावर तू सही करून लिहून देतोस की माझं नाव दुसरीकडं कुठंही नाही. ते खोटं निघालं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. गावचं नाव इथं आणायचं असेल तर नमुना ८ भरायचा. पत्ता बदलला, नावात चूक आहे, ओळखपत्र हरवलं, या सगळ्यांना नमुना ८. नवीन नावाला ६. एवढे दोन आकडे लक्षात राहत नाहीत आणि क्रिकेटपटूंच्या जर्सीचे सगळे नंबर पाठ आहेत.

"आधार कार्ड आहे की, त्यावर मत देतात." हे तर मी कानांनी ऐकलंय, तेही निवडणुकीच्या ड्यूटीवर. मी पहिली मतदान अधिकारी होते. टेबलावर यादीची प्रत, हातात पट्टी आणि पेन. मतदार चिठ्ठी देतो, आपण अनुक्रमांक शोधायचा, नाव मोठ्यानं वाचायचं म्हणजे शेजारचे पोलिंग एजंट ऐकतात, मग त्या नावावर रेघ मारायची. दुपारी तीनच्या सुमारास तुमच्याच वयाचा एक मुलगा आला. आधार कार्ड पुढं केलं. चिठ्ठी नव्हती. मी पानं चाळली, आडनावानं शोधलं, आईच्या नावानं शोधलं, वडिलांचं सापडलं, त्याचं नाही. म्हणाला, "पण मी इथंच राहतो, जन्मापासून. हे बघा, कार्डावर पत्ता आहे." त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. आणि मला त्याला परत पाठवावं लागलं, कारण आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स ही सगळी तू कोण हे सांगणारी कागदपत्रं आहेत. तू मतदार आहेस की नाही हे फक्त यादी सांगते. तो दाराशी जाऊन पुन्हा वळून बघत होता. मागं रांगेत त्याचे वडील होते. त्यांनी मत दिलं आणि मान खाली घालून गेले. तुमच्यापैकी कुणालाही त्या दारातून असं परत जाताना मला बघायचं नाही.

उलटंही लक्षात ठेवा. ओळखपत्र घरी राहिलं पण नाव यादीत आहे, तर आयोगानं मान्य केलेल्या दुसऱ्या कागदपत्रांपैकी एक दाखवून मत देता येतं. कॉलेजचं ओळखपत्र मात्र त्यात नाही. ते गळ्यात अडकवून केंद्रावर जाऊ नका.

"मॅडम, अजून अठरा पूर्ण नाहीत." पहिल्या वर्षाच्या मुलांनी कान इकडं द्या. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख होती. २ जानेवारीला जन्मलेल्याला एका दिवसासाठी वर्षभर थांबावं लागायचं. २०२१ ला कायदा बदलला आणि २०२२ पासून चार तारखा झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. शिवाय सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज भरता येतो, अठरा भरल्यावर त्या तिमाहीत नाव लागतं. तेव्हा वयाची सबब कुणीही सांगू नये. आणि ही अठरा वर्षंही तुम्हाला सहज मिळालेली नाहीत. १९८९ पर्यंत एकवीस होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनं ती खाली आणली, तुमच्या वयाच्या मुलांवर विश्वास ठेवून.

त्याच्याही मागचं सांगते, कारण ते तुमच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेलं आहे. इंग्रजांच्या राज्यात १९३५ च्या कायद्याखालीसुद्धा मत होतं ते जमीन असणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. बाकीचे नुसती प्रजा. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढं सांगितलं की प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत द्या. ते प्रत्यक्षात यायला राज्यघटना यावी लागली. मग १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी देशभर यादी करायला माणसं दारोदार गेली, आणि उत्तरेतल्या कितीतरी गावांत बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. परक्या पुरुषापुढं नाव घ्यायचं नाही, अशी रीत. यादीत लिहिलं गेलं, अमक्याची आई, तमक्याची बायको. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते मानलं नाही. मतदाराला स्वतःचं नाव पाहिजे, म्हणाले. नाव सांगायला मुदत दिली, आणि तरीही ज्यांनी सांगितलं नाही अशा सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून गेली. अठ्ठावीस लाख. पुढच्या निवडणुकांमध्ये त्यांतल्या कितीतरी जणींनी, त्यांच्या सुना-लेकींनी, नावं सांगितली.

त्या बायकांना स्वतःचं नाव घ्यायची चोरी होती. सासरा दारात बसलेला असायचा. तुम्हाला कशाची चोरी आहे? तुमच्या दारात कोण बसलंय? इन्स्टाग्रामवर दिवसातून दहा वेळा स्वतःचं नाव लिहिता आणि जिथं ते लिहिल्यानं सरकार बदलतं त्या कागदावर लिहायला तुम्हाला पाच मिनिटं नाहीत.

"एका मतानं काय होतं?" कोण म्हणालं? उभा राहा. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात निकाल लागला अठ्ठेचाळीस मतांनी. साडेचार लाखांहून जास्त मतं एकाला, साडेचार लाखांहून जास्त दुसऱ्याला, आणि फरक अठ्ठेचाळीसचा. या वर्गाचा पट चौसष्ट आहे. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ साली सी. पी. जोशी एका मतानं पडले, तेव्हा ते त्यांच्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष होते. बस आता. हा प्रश्न पुन्हा विचारू नकोस.

"सगळे सारखेच आहेत, कुणाला द्यायचं?" हा तुझा विचार असेल तर तो नोंदवायला २०१३ पासून यंत्रावर सगळ्यांत खाली 'वरीलपैकी कोणीही नाही' असं बटण आहे. सर्वोच्च न्यायालयानं ते द्यायला लावलं. ते दाबायलाही यादीत नाव लागतं. घरी बसणाऱ्याचा निषेध कुठंही मोजला जात नाही. त्याला निषेध म्हणू नका, आळस म्हणा.

आता वह्या काढा.

ज्यांचं नाव आहे असं वाटतं, त्यांनी आज रात्री स्वतः शोधायचं. आयोगाच्या ॲपवर किंवा मतदार पोर्टलवर. जमलं नाही तर १९५० ला फोन करा. मित्रानं बघितलं, बाबांनी बघितलं, हे चालणार नाही. नावाचा काना-मात्रा, वेलांटी, जन्मतारीख, फोटो, सगळं नीट बघा. कुणा कार्यकर्त्यानं अर्ज नेला होता म्हणून निर्धास्त राहू नका. तो अर्ज कुठं गेला याची जबाबदारी तुमची आहे. चूक सापडली तर नमुना ८.

नाव नसेल तर नमुना ६. एक पासपोर्ट फोटो, सेल्फी कापून लावायचा नाही, परवा एकानं लावला होता. जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा. आधारवर गावचा पत्ता असेल आणि नाव इथं हवं असेल तर बोनाफाईड किंवा भाडेकरार. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत नाव लिहायचं, दोन्ही स्पेलिंगं दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे. आणि मोबाईल नंबर चालू असलेला द्या, दर महिन्याला सिम बदलणाऱ्यांनी विशेषतः.

अर्ज भरून काम संपत नाही. बीएलओ येतो, बहुतेकदा अंगणवाडीच्या ताई किंवा प्राथमिक शाळेचे गुरुजी, त्यांना त्यांचं रोजचं काम सांभाळून फिरावं लागतं. ते दुपारी वसतिगृहावर येतात, तुम्ही वर्गात असता, वॉचमन सांगतो, "असं कुणी राहत नाही," आणि अर्ज नामंजूर होतो. गेल्या वर्षी सहा अर्ज असे गेले. तेव्हा रेक्टरांना आणि वॉचमनकाकांना आजच नावांची यादी देऊन ठेवा. अर्जाचा संदर्भ क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दर आठवड्याला बघा काय झालं. परीक्षेच्या निकालाचं पान तुम्ही दिवसातून वीस वेळा उघडता, हे आठवड्यातून एकदा उघडा.

टेबल उद्या पुन्हा लागेल, अकराला, व्हरांड्यात नाही, या वर्गाच्या दारात. चौसष्ट नावांचा कागद माझ्याकडं आहे. ज्याचं नाव यादीत सापडलं त्यानं भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून आणायचा, ज्याचं नाही त्यानं अर्ज भरूनच आत यायचं. ऊसतोडीची गोष्ट ज्यानं मला सांगितली, त्याचा अर्ज मी काल त्याच्या शेजारी बसून भरून घेतला आहे. त्यानं पत्ता गावचा दिलाय. आईबरोबर जाऊन मत देणार म्हणाला, भाड्याचे पैसे आत्तापासून बाजूला ठेवतोय.

पहिल्या बाकावरच्या चौघांनी उठा. ऑफिसात जाऊन बोनाफाईडचे कोरे नमुने मोजून आणा, चाळीस तरी लागतील. प्राचार्य चारपर्यंत आहेत.